भजनानं पोट भरत नाही, हे गाणाऱ्यांनाही ठाऊक असतं

आझाद मैदानात धरण्याला बसलेल्या काही कंत्राटी कामगार बायकांची एक छोटी चित्रफीत मध्यंतरी हातोहात फिरत होती. पगार थकलेले, कायम करण्याचं आश्वासन वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेलं. ताडपत्रीखाली बसून एक बाई अभंग सांगत होती, बाकीच्या मागून म्हणत होत्या. टाळ दोघींकडेच होते. इतरजणी जेवणाच्या डब्याच्या झाकणावर चमच्यानं ठेका धरत होत्या. त्यावरून जो वाद पेटला त्यात तीन गट पडले. पहिल्याचं म्हणणं, ज्यांना गाणं सुचतंय त्यांचं दुखणं काही फार मोठं नसणार. दुसऱ्या गटात माझे चळवळीतले जुने स्नेही होते. त्यांच्या मते भजनं म्हणून म्हणूनच आपली माणसं पिढ्यानपिढ्या गप्प बसली. घोषणा द्या, नाहीतर घरी जा. तिसरा गट कौतुकानं भारावलेला: बघा, हेच मुंबईचं स्पिरिट! त्या बायका गाऊन नेमकं काय करत होत्या, हे मात्र तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जुलमाच्या काळात गाणं, नाटक, ओवी, प्रार्थना यांतलं काहीही लढ्याची जागा घेऊ शकत नाही. पण लढणारा माणूस लढाई संपेपर्यंत आतून शाबूत राहतो तो यांच्याच बळावर. आणि एखादं गाणं पळवाट आहे की आधार, हे त्यात देवाचं नाव आहे की क्रांतीचं, यावरून ठरत नाही. ते गाणं कोणाच्या हातात आहे, यावरून ठरतं.

कौतुकवाल्यांपासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, अनोळखी माणसांनी एकमेकांना घरात घेतलं. पुढल्या वर्षी ११ जुलैला पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत सात स्फोट झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच मार्गावर गाड्या भरून धावल्या. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगरून २३ माणसं गेली. लोक पुन्हा तेच जिने चढले. दर वेळी शहराच्या जिद्दीचे गोडवे गायले गेले. पण हातावर पोट असलेला माणूस दुसऱ्या दिवशी गाडी पकडतो ती खाडा परवडत नाही म्हणून. नाले साफ ठेवायची, पूल रुंद करायची जबाबदारी ज्यांची, त्यांना या कौतुकानं परस्पर सूट मिळते. त्या बायकांच्या अभंगाला ‘स्पिरिट’ म्हणणारे, नकळत का होईना, पगार थकवणाऱ्या ठेकेदाराचं ओझं हलकं करत होते. माझ्या बाजूनं कोणी असं बोलणार असेल तर ती साथ मला नको.

दुसऱ्या गटाचा आक्षेप मात्र वजनदार आहे. फ्रेडरिक डग्लस हा अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेला माणूस. १८४५ साली त्यानं आपलं आत्मकथन प्रसिद्ध केलं. त्यात तो सांगतो, की नाताळ ते नववर्ष या दिवसांत मालक गुलामांना सुट्टी देत, दारू प्यायला लावत, नाचगाण्याला उत्तेजन देत. यामागे दया नव्हती. मनात साचलेलं बंड अशा वाटेनं बाहेर पडून विरून जावं, असा तो हिशेब होता. ज्यानं हे अंगावर सोसलं तोच हे सांगतो आहे, तेव्हा त्याला उडवून लावण्याची माझी काय प्राज्ञा? आपल्याकडे बाबासाहेबांनी याहून नेमका वार केला. ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधीजींनी टीका केली, तिला उत्तर देताना त्यांनी लिहिलं, की संतांनी जातिव्यवस्थेविरुद्ध मोहीम उघडली नाही, माणसं समान आहेत असं न सांगता देवाच्या दृष्टीनं समान आहेत असं सांगितलं, आणि असं सांगण्यानं कोणाचंच काही बिघडत नाही.

चोखोबांकडे पाहा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, म्हणजे देवळाच्या बाहेर. दलितांसाठी ते देऊळ खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. सहाशे वर्षं लोक चोखोबांचेच अभंग म्हणत त्या समाधीपुढून आत जात राहिले आणि चोखोबांची माणसं पायरीशी थांबत राहिली. नुसत्या अभंगानं दार उघडलं नाही, हे कबूल केल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही.

ते कबूल करून डग्लसचं तेच पुस्तक पुन्हा उघडते. त्यात आणखी एक प्रसंग आहे. महिन्याचा शिधा आणायला मोठ्या मळ्याकडे निघालेले गुलाम दाट जंगलातून गात जात. चालता चालताच रचत, ना तालाची पर्वा ना सुराची. या गाण्यांवरून गुलाम सुखात आहेत असा अर्थ काढणारे लोक उत्तरेत भेटले तेव्हा डग्लस थक्क झाला. तो म्हणतो, गुलाम सगळ्यात जास्त गातो तो सगळ्यात दुःखी असताना; आणि गुलामगिरी माणसातलं माणूसपण कसं ओरबाडून काढते याची पहिली अंधूक जाणीव मला त्या गाण्यांनीच दिली. आझाद मैदानातल्या बायकांना ‘दुखणं मोठं नसणार’ म्हणणाऱ्या पहिल्या गटाला उत्तर इथेच मिळून जातं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. एकाच पुस्तकात नाताळचा नाच बेडी ठरतो आणि जंगलातलं गाणं जाग आणतं. असं का? नाताळचा नाच मालकानं दिलेला होता. दिवस त्याचे, दारू त्याची, थांबायची वेळ त्यानं ठरवलेली. जंगलातलं गाणं कोणी दिलेलं नव्हतं, म्हणून ते कोणाला काढूनही घेता येत नव्हतं.

ही कसोटी लालबाग-परळच्या चाळींना लावून बघा. मी तिथेच वाढले. बदली कामगार सकाळी भोंग्याआधी गिरणीच्या दारात उभा राहायचा. कोणी गैरहजर असलं तर जॉबर, म्हणजे कामगार भरणारा मुकादम, त्याला आत घ्यायचा, नाहीतर हात हलवत परत. आत घेतलं तरी साच्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. अशा एका माणसाला मी चाळीच्या व्हरांड्यात पखवाजाला कणीक लावताना कितीतरी रात्री पाहिलं आहे. भिजवलेली कणीक धुमेवर, म्हणजे पखवाजाच्या डाव्या तोंडावर, मधोमध थापायची, अंगठ्यानं कडेला पातळ करत न्यायची, एक थाप मारून कान द्यायचा, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप. पन्नास माणसं त्याच्यासाठी खोळंबलेली असत, पण घाई कर म्हणायची कोणाची टाप नव्हती. त्या दिवसात जॉबरच्या मर्जीवर अवलंबून नसलेलं बहुधा ते पहिलंच काम. सकाळी दारातून परत पाठवलेल्या माणसाची संध्याकाळी बुवासुद्धा वाट पाहत. ज्यांना हा विरंगुळा वाटतो त्यांनी विचार करावा, की ‘तुझी गरज नाही’ हे वाक्य रोज ऐकणाऱ्या माणसाला ते खोटं आहे याचा पुरावा दुसरीकडे कुठे मिळत होता?

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. भजनी मंडळांनी संप जिंकून दिला नाही. भांडी विकली गेली, बिऱ्हाडं गावी गेली, पोरांची शाळा सुटली. पण रोज रात्री एकत्र बसणाऱ्या माणसांना कोणाच्या घरी आज चूल पेटलेली नाही हे न सांगता कळायचं, आणि कळलं की तांदूळ पोचायचे. हा विश्वास काही संप पुकारल्यावर एका रात्रीत उभा राहिलेला नव्हता. तो आधीच्या वीस-पंचवीस वर्षांच्या बैठकींमधून तयार झाला होता. आणि हेही सांगायला हवं, की पुढे याच गल्ल्यांमध्ये मंडपांवर नेत्यांचे आणि बिल्डरांचे फलक चढले, ढोल-ताशे भाड्यानं आले, कार्यक्रम कोणता ठेवायचा हे पैसे देणारा ठरवू लागला. गल्ली तीच होती, देवही तेच होते, पण आता तो डग्लसचा नाताळ होता.

मग बाबासाहेबांच्या आक्षेपाचं काय? १९४८ मध्ये त्यांचा ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ आला. त्याची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला आहे. संतांवरची ती टीका त्यांनी मागे घेतलेली नाही. तरीही हे तीन संत त्यांना आपले वाटले. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धर्मांतराच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या भाषणात ते म्हणाले, की गरिबाला धर्माची गरज असते, पीडित माणसाला असते, कारण गरीब माणूस आशेवर जगतो. ज्यानं राज्यघटनेचा मसुदा घडवला, कायद्याची ताकद ज्याच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, त्यानं हे म्हणावं? काळारामाच्या दारात त्यांनी १९३० पासून वर्षानुवर्षं माणसांना उभं केलं होतं. लाठ्या खात इतका काळ माणसं कशाच्या जोरावर उभी राहतात, आणि कशाच्या अभावी मोडतात, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. म्हणूनच ते लोकांना श्रद्धेपासून तोडून मोकळे झाले नाहीत. जन्मानं माथी मारलेली श्रद्धा टाकून विचारपूर्वक निवडलेली श्रद्धा त्यांनी लोकांच्या हाती दिली.

जोतीरावांचंही तेच. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. भटशाहीवर त्यांच्याइतका कठोर प्रहार कोणी केला नाही. पण त्यांनी निर्मिक, म्हणजे सृष्टीचा निर्माता, मानला, आणि अभंगाच्याच वळणाचे अखंड लिहिले. भजनानं माणसं झोपतात म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्यांना विचारते, जोतीरावांनी तो घाट फेकून का दिला नाही? कारण शेतकऱ्याच्या तोंडी तो आधीपासून होता आणि त्याचाच होता. सत्यशोधक जलशांनी आणि नंतर आंबेडकरी जलशांनी तमाशाचा बाज असाच आपला म्हणून उचलला. वंदन कोणाला करायचं आणि वगात कोणाला उघडं पाडायचं एवढं बदललं. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी तर हे जात्यावर केलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सीतेचा वनवास आहे, सासरची मारहाण आहे, माहेरची ओढ आहे, भाऊ म्हणून आलेले बाबासाहेबही आहेत. घर झोपेत असताना, जात्याच्या घरघरीत, ज्या बाईला दिवसभर तोंड उघडायची मुभा नव्हती ती पहाटे आपलं म्हणणं मांडत होती. तिची मान खाली होती म्हणून ती गप्प होती, असं कोणी समजू नये.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो सगळ्यात अवघड आहे. जिथे लढायलाच वाव नाही, जिथे शेवट ठरून गेलेला आहे, तिथे याचा काय उपयोग? १८ जुलै १९४२ ला, नाझींनी ज्यूंना डांबलेल्या वॉर्साच्या कोंडवाड्यात, यानुश कोर्चाक यांच्या अनाथालयातल्या ज्यू मुलांनी रवींद्रनाथांचं ‘डाकघर’ सादर केलं. वैद्याच्या हुकुमानं खोलीत अडकलेला, खिडकीतून जग पाहणारा, राजाच्या पत्राची वाट बघणारा अमल. तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, ऑगस्टमध्ये, त्या सुमारे दोनशे मुलांना आणि त्यांच्यासोबत कोर्चाकना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यात आलं. किती जीव वाचले एवढंच मोजायचं असेल तर त्या नाटकाचा हिशेब शून्य येतो. पण मग त्या तीन आठवड्यांत मुलांना जे जेवू घातलं तेही वायाच गेलं म्हणावं लागेल. तसं म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही. उपाशी पोटाची भूक आपल्याला खरी वाटते आणि कोंडलेल्या पोराची खिडकीबाहेरची ओढ खरी वाटत नाही, हा आपल्या मोजमापाचा दोष आहे.

इथे माझ्या कसोटीची मर्यादाही दिसते, ती लपवणार नाही. नाझींच्या तेरेझिन छावणीत ‘ब्रुंडिबार’ हा मुलांचा संगीतप्रयोग कैद्यांनी कैद्यांसाठी पुनःपुन्हा केला. २३ जून १९४४ ला रेड क्रॉसचे पाहुणे आले तेव्हा नाझींनी तोच प्रयोग, इथे सगळं कसं आनंदात आहे हे दाखवण्यासाठी वापरला. गाणं आपलं असलं तरी हिसकावून दुसऱ्याच्या कामाला जुंपता येतं, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून गाणाऱ्याला त्यावर सतत पहारा ठेवावा लागतो.

सत्ताधाऱ्यांना हे आपल्यापेक्षा लवकर कळतं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आलं. विराटाच्या दरबारातली जुनी कथा, पण प्रेक्षकांना कीचकात व्हाइसरॉय कर्झन दिसला, आणि १९१० मध्ये ब्रिटिशांनी नाटकावर बंदी घातली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांनाही मज्जाव केला. अण्णाभाऊंनी गणात गणपतीऐवजी मातृभूमीला आणि शिवरायांना वंदन केलं, तमाशाला लोकनाट्य म्हटलं आणि काम चालू ठेवलं. घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत राहणाऱ्या या माणसाच्या शब्दांवर पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा उसळल्या. डिसेंबर १९७५ मध्ये आणीबाणी होती, वृत्तपत्रांवर सेन्सॉर होता, जयप्रकाश नारायण मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्यासाठी आवाज उठवला आणि जयप्रकाशांना बरं वाटावं म्हणून प्रार्थना करायला सांगितलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण केंद्रात मंत्री होते. त्या मांडवात घोषणा देता येत नव्हती. आजारी माणसासाठी प्रार्थना करू नका असं मात्र कोणाला म्हणता आलं नसतं. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली ती झालीच. प्रार्थना म्हणजे शरणागती, असं समजणाऱ्यांनी तो मांडव डोळ्यांपुढे आणावा.

आता ज्याबद्दल लिहिताना हात अडखळतो ते. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाल्यावर लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपलं आयुष्य संपवलं. वस्त्यावस्त्यांत ज्यांच्या आवाजानं माणसं ताठ झाली, त्यांना तो आवाज वाचवू शकला नाही. गाणं माणसाला तारतं असं सरसकट म्हणणाऱ्या प्रत्येकानं या मृत्यूसमोर थांबायला हवं, मीही थांबते. माझं म्हणणं यामुळे खोटं ठरतं असं मला वाटत नाही, पण त्यात एक भर पडते. गाण्यानं समूह तगतो तेव्हा गाणाऱ्याला तगवणं ही समूहाची जबाबदारी असते, आणि ती आपण वाईट रीतीनं टाळली आहे. शाहिराला सभेच्या आधी गर्दी जमवायला बोलवायचं, नेते आले की माईक काढून घ्यायचा, नंतर येण्या-जाण्याचे पैसेही द्यायचे नाहीत, हे मी चळवळीत राहून पाहिलं आहे. भजनं नकोत, घोषणा द्या म्हणणाऱ्यांनी हिशेबाच्या वहीत कलापथकाच्या नावावर कधी काही मांडलं का, ते एकदा उघडून पाहावं.

जागेचा प्रश्न तर पैशाहून मोठा आहे. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांच्या जागी ५०० चौरस फुटांची घरं येत आहेत, हे चांगलंच आहे. तो हक्क आहे आणि ज्यांनी चार पिढ्या सामायिक संडासात रांगा लावल्या त्यांना चाळसंस्कृतीचे उमाळे ऐकवण्याचा अधिकार कोणाला नाही. पण ज्या व्हरांड्यात, ज्या मधल्या पटांगणात जलसे बसले, भजनाच्या बाऱ्या झाल्या, एकांकिकांच्या तालमी झाल्या, ती जागा टॉवरच्या नकाशात कुठे आहे? चाळिसाव्या मजल्यावरच्या दिवाणखान्यात पखवाज वाजवला तर खालून तक्रार येणार. गच्चीवर परवानगी नाही, आवारात गाड्या. मोर्चाला शहरभर मज्जाव आणि वाट एकच, आझाद मैदानाची. तालमीला तर तेवढीही नाही. पुनर्विकासाच्या करारात पार्किंगचा शब्द न् शब्द लिहिलेला असतो. तालमीची खोली तशीच लिहून घ्यावी, चौरस फुटांसकट, तिची किल्ली रहिवाशांच्या मंडळाकडे राहील या अटीसह, आणि सह्या होण्याआधी.